कोंडीबाआज्याचं तोंड

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार

तीर्थरूप मायाक्का,

तुझ्या पायांवर बिरदेवचं डोकं. (गुडघं वाकत न्हाईत, म्हणून हितं खुर्चीतनंच टेकवलं असं धर.) हिकडं आमी सगळी बरी हाओत. तुझ्या डोळ्याचं कसं काय? आपरेशननंतर डाक्टर वाचू नको म्हणाला असंल तर हे पत्र चार बैठकीत वाच, पण तूच वाच. अभिमन्यूला देऊ नको. तुझा ल्योक गुणाचा हाय, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. फोनच केला असता, पण तुझा फोन तो उचलतो, स्पीकरवर टाकतो, आन निम्मं करमाळा "मामा, जोरात बोला" म्हणत भोवती बसतं. म्हणून पोस्टातनं पाकीट आणलं. पोस्टातला माणूस माझ्याकडं असा बघत हुता, जशी मी त्याला जुनी चवलीच दिली. अक्षराला हसू नको. चौथीत तुझं बी काय मोत्यावानी न्हवतं.

मला पाल्हाळ आवडत न्हाई, तुला ठाऊक हाय. एका वाक्यात सांगतो. आपल्या देव्हाऱ्यात जो कोंडीबाआज्याचा टाक हाय, तो कोंडीबाआजा न्हवं.

दचकू नको. बस. पाणी पी. मी बी प्यालो हुतो.

आता पहिल्यापासनं सांगतो. तुला निम्मं ठाऊक हाय, पण मलाच आता त्यातलं खरं कुठलं आन आपण घरात बसून शिजवलेलं कुठलं, त्याचा पत्ता लागंना. कोंडीबा म्हंजे आपल्या आज्याचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आत तो मेंढरं सोडून नाटक कंपनीत गेला. झालं असं की कंपनीचा मुक्काम पडला सोलापुरात, थंडीचे दिवस, आन हा घोंगडी द्यायला गेला. तितं भाला धरून उभं ऱ्हाणारा गडी तापानं फणफणलेला. मालकानं ह्याला बघितलं आन भाला हातात दिला. आता धनगराच्या पोराला काठी धरून उभं ऱ्हायला काय शिकवायचं? जन्म त्यातच गेलेला. हा तीन घंटे हलला न्हाई म्हणं. माशी नाकावर बसली तरी न्हाई. मालक म्हणाला, असा पहारेकरी मी बघितला न्हाई, आन ह्याला उचलून पुढच्या गावाला घेऊन गेला. कंपनीबरूबर रंगून, रंगूनातनं कुठल्यातरी जहाजातनं विलायत. बस्स. परत हिकडं काय त्याची पावलं वळली न्हाईत.

मग बऱ्याच वर्षांनी विलायतेतनं एक फोटो आला. चिठ्ठी न्हाई, चपाटी न्हाई. फोटोत मोठा दरबार, मधी शिंव्हासनावर राजा, फेटा, मोत्याच्या माळा, डोळ्यात काजळ, आन भोवती पाच-सहा नोकरचाकर. कोंडीबाची आई, म्हंजे आपली पणजी, तवा डोळ्यानं गेलेली. तिच्या हातात फोटो दिला. सगळ्यांनी सांगितलं राजा मधी बसलाय, आन म्हातारीनं मधीच बोट ठेवलं, "हाच माजा कोंडू." आता आंधळ्या आईनं बोट ठेवल्यावर न्हाई कोण म्हणणार? आन का म्हणावं? आपल्या माणसानं फोटो धाडला तर तो शिंव्हासनावरच बसलेला असणार की. दुसऱ्याचा फोटो कोण कशाला धाडंल? फोटो चौकटीत बसंना म्हणून आजूबाजूचे नोकर कातरीनं कापून चुलीत घातले. तो मेल्याची खबर आली तवा सोनारानं त्याच फोटोवरनं चांदीच्या पत्र्यावर टाक ठोकून दिला. तवापासनं दसऱ्याला त्याला बोकडाचा निवद, लग्नाची पहिली पत्रिका त्याला, नव्या नवरीचं पहिलं डोकं त्याच्या म्होरं. सासरी निघताना तुझं बी टेकवलं हुतं, माझ्या सुनंचं बी टेकवलं.

आता गेल्या महिन्यात जर्मनीतनं एक बाई आली. हेल्गाबाई. ती डाक्टर हाय, पण सुई टोचणारी न्हवं, जुन्या मुक्या फिल्मांची डाक्टर. (असले बी डाक्टर असतात. आपल्याकडं गुडघ्याचा मिळंना.) तितं कुठल्या तरी तळघरात फिल्मांची डबडी सापडली आन त्यात आपला कोंडीबा निघाला. मग ती त्याचा माग काढत काढत थेट भवानी पेठेत, आपल्या घोंगड्याच्या दुकानात. माझी सून उत्कर्षा शाळेत इंग्रजी शिकवती, तिनं दोन्हीकडचं सांगायचं काम केलं. बाई मांडी घालून बसली, कडक भाकरी आन शेंगाचटणी खाल्ली, डोळ्यातनं पाणी काढलं, आन परत मागून घेतली. मला बाई पसंत पडली. उगं हाय-हुय न्हाई.

तिनं जी हकिकत सांगितली ती आईक. कोंडीबा लंडनात आधी नाटकात. काम काय? उभं ऱ्हाणं. भाला, मशाल, पंखा, जे हातात देतील ते धरून. एकदाच तोंड उघडायला मिळालं. एका नाटकात हिंदू पुजारी केला आन सांगितलं, कायतरी तुमच्यातला भयंकर मंतर म्हण. तितल्या पेपरवाल्यानं तो मंतर कानाला आला तसा इंग्रजी अक्षरात छापलाय, आन वर लिवलंय की ह्या प्राचीन शब्दांनी अंगावर काटा आला. उत्कर्षानं वाचून दाखवला. "करमाळा, जेऊर, टेंभुर्णी, मोडनिंब, मोहोळ, हुर्र हुर्र, थू." अगं, मेंढरं हाकायच्या वाटंवरचे मुक्काम! साहेब लोक टाळ्या वाजवत बसले हुते. तुझी भावजय पदर तोंडात कोंबून हसली. हेल्गाबाईला सांगितलं तर तिनं वहीत लिवून घेतलं आन गंभीर झाली.

मग जर्मनीत जाऊन फिल्मा. त्यात बी कवा गारुडी (सापाला भ्यायचा तो, घरात सगळ्यांना ठाऊक), कवा अरबी चोर, कवा चिनी आचारी. आन बाई म्हणती, जितक्या सापडल्या तितक्या सगळ्यात तो मरतोय. वाघ खातोय, गोळी लागती, कड्यावरनं ढकलत्यात. एका फिल्मात मातर मरत न्हाई. त्यात तो सुरुवातीलाच मढं हाय.

मला तवाच मनात खुटखुट व्हायला पायजे हुती. राजाचं काम करणारा माणूस चिनी आचारी कशाला करंल? पण आपली डोकी कुटं चालत्यात. बाईनं कॅम्प्युटर उघडला आन म्हणाली आता त्याची सगळ्यात मोठी फिल्म दावते. तोच दरबार. तोच राजा. अक्का, तो हलला! शंभर वर्षं देव्हाऱ्यात गप बसलेला माणूस मान हलवून हसला. तुझ्या भावजयीनं उदबत्ती लावली. उत्कर्षानं डोक्यावर पदर घेतला. मी ह्या गुडघ्यानं खाली बसलो आन कॅम्प्युटरला डोकं टेकवलं.  बाईनं हळूच उत्कर्षाला काय तरी इचारलं. उत्कर्षाचं तोंड उतरलं. मी म्हणालो, "काय म्हणती?" उत्कर्षा म्हणाली, "मामंजी, त्या इचारत्यात, तुमी ह्यांच्या पाया का पडताय? हा जर्मन नट हाय. तोंडाला रंग फासून हिंदी राजाची कामं करायचा."

"मग आपला?" मी म्हणालो.

बाईनं राजाच्या मागं बोट दावलं. तितं एक काळासावळा गडी चवरी धरून उभा. हलत न्हाई, डुलत न्हाई, नुस्ती चवरी.

तुला आठवतंय, टाकावर राजाच्या उजव्या खांद्यावर केसाचा झुबका हाय? सोनारानं ती प्रभावळ म्हणून काढली, आपण बी प्रभावळ म्हणूनच तिला हळद-कुंकू लावलं. ती चवरीची शेपटी हाय. कातरीनं कापताना तेवढी ऱ्हायली. आपला कोंडीबाआजा त्या टाकात तेवढाच हाय.

तरी मी म्हणालो, ह्यो आपला कशावरनं? बाईचं बी चुकत असंल. डाक्टरांचं चुकतं. तवा तिनं शेवट लावला. राजावर कोण तरी बंदूक रोखतो, चवरीवाला मधी पडतो, गोळी ह्याला लागती. आन आईक आता. गोळी लागली, छातीला हात गेला, आन पडायच्या आधी त्यानं डाव्या हातानं धोतराचा सोगा गोळा केला, मागं वळून जागा बघितली, आन मग पडला. तुझी भावजय किंचाळली, "अगं बया, मामंजी!" आपला बा बाजेवर टेकताना असंच करायचा की न्हाई? सोगा गोळा, जागा बघितली, मग बूड. बाई म्हणाली, हा प्रत्येक फिल्मात मरताना असंच करतो आन तितल्या शिकलेल्यांनी त्यावर लांबलचक लेख लिवलाय की ही भारतातली जुनी नाट्यमुद्रा हाय. मुद्रा कसली! धोतर एकच असंल.

तर ओळख पटली. आपलाच हाय. शेवटी म्हणं फिल्मा बोलक्या झाल्या, ह्याला कोण इचारीना, मग एका सिनेमाघराच्या दारात फेटा घालून उभा ऱ्हायचा, आलेल्यांना दार उघडायला. तितंच गेला.

हितवर गोष्ट घरातली हुती. झाकून ठेवली असती. पण आपल्या गल्लीत झाकायचं म्हंजे चाळणीनं पाणी झाकणं. बाई यायच्या आधीच तिची चिठ्ठी आल्याचं उदयसिंहाला कळलं हुतं. उदयसिंह म्हंजे आपला पुढारी. वय पस्तीस, मिशी पन्नाशीची. ह्या साली निवडणुकीला उभा ऱ्हायचा इचार हाय. त्यानं ताबडतोब समिती काढली, समाजमंदिराच्या आवारात कोंडीबाआज्याचा अर्धा पुतळा बसवायचं ठरवलं, माझ्याकडनं देव्हाऱ्यातला फोटो मोबाईलवर काढून नेला आन मूर्तिकाराला दिला. मी म्हणालो हुतो, कशाला हे सोंग, दोन झाडं लावा. पण माझं आईकतो कोण.

आता पुतळ्याची माती तयार हाय. त्यावर त्या जर्मनाचं तोंड हाय. सोमवारी त्याचा साचा घेणार, मग धातू ओतणार. एकदा साचा झाला की संपलं. आन पडदा उघडायला कोण येणार? हेल्गाबाई. सगळ्या समाजाम्होरं मोठ्या पडद्यावर तीच फिल्म दावणार आन भाषण करणार. बाई खोटं बोलायची न्हाई, तिचा तो धंदाच न्हवं. म्हंजे एका बाजूला पुतळा, एका बाजूला फिल्म, मधी मी.

अक्का, माझं जेवणावरनं मन उडालंय. सांगावं तर सगळं सोलापूर म्हणणार, ह्यांनी शंभर वर्षं साहेबाला बोकड कापला. उद्या आपल्या नातीचं, आरोहीचं लग्न ठरवायचं, पावणे देव्हाऱ्याकडं बघून हसतील. न सांगावं तर बाई सांगणारच. आन दोन्ही जाऊ दे. माझ्या जिवाला वेगळंच खातंय. तो माणूस जन्मभर दुसऱ्याच्या मागं उभा ऱ्हायला. फिल्मात मेला तो बी दुसऱ्याची गोळी खाऊन. आपण त्याला कातरीनं कापून चुलीत घातला. आन आता कुटं त्याचा पुतळा व्हायला निघाला तर तो बी दुसऱ्याचा. रडारड मला आवडत न्हाई. पण हे बरं न्हवं.

म्हणून परवा उठलो आन उदयसिंहाच्या हापिसात गेलो. ठरवून गेलो हुतो, आत जायचं, चार शब्दात सांगायचं, भाईर यायचं. आत गेलो तर माझ्या गळ्यात हार पडला. शाल आली. नारळ आला. पंधरा माणसं उभी ऱ्हायली. मी म्हणालो, "उदयसिंह, त्या तोंडाबद्दल जरा बोलायचं हुतं." तो म्हणाला, "आजोबा, तोंडाबद्दलच बोलणार हाय मी!" आन मातीच्या पुतळ्याचा हा एवढा मोठा फोटो भिंतीवर, त्याकडं हात करून लागला की भाषण करायला. "हे कपाळ बघा! हे नाक बघा! असं नाक फकस्त आपल्या समाजात सापडतं! परक्याला जमंल का हे नाक?" पंधरा जण "न्हाई!" म्हणाले. त्या नाकाखाली मी हार घालून उभा. "आजोबा, तुमी दोन शब्द बोला," म्हणाला. मी म्हणालो, "नाक चांगलं हाय." आन घरी आलो. त्याचा बी फोटो पेपरात आलाय. अभिमन्यूनं दावला असंल तर त्यात मी हसत न्हाई, मला घाम पुसायचा हुता.

तुझी भावजय म्हणाली, "चार शब्द सांगायला गेलता, तीन बोलून आलात, आन तिन्ही खोटे."

मग मी मूर्तिकाराकडं गेलो. मडिवाळप्पा नाव, अक्कलकोटाकडचा, बोलण्यात निम्मं कानडी. पत्र्याच्या शेडमधी बसलेला. मातीवरचं वलं फडकं काढलं त्यानं. तोच गोरा, मातीचा. मी दार लावून घेतलं आन सगळं सांगून टाकलं. मला वाटलं चिडंल. तो तंबाखू मळत म्हणाला, "यप्पा, मला पहिल्या दिवशीच कळलं की. हे नाक मेंढरामागं उन्हात फिरल्यालं नव्हं. सावलीतलं नाक हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"समितीनं फोटो दिला. समितीनं म्हशीचा फोटो दिला आन आजोबा म्हणाली, तर मी शिंगं बी काढतो. सुम्मने, उगं वाद कशाला?"

मी म्हणालो, बदलता येतंय का? तो म्हणाला, फडकं वलं हाय तवर कुणाचं बी तोंड कुणाचं बी व्हतंय. समितीनं मातीला कवा निरखलंय? फेटा बघितला, मिशा बघितल्या, हात जोडून गेली. ते दोन्ही तसंच ठेवतो, मधलं बदलतो. "पण मला तोंड द्या. फिल्ममधलं नको, त्यात पापणी लवायच्या आत मरतोय. जित्तं तोंड द्या. म्होरं बसल्यालं." सोमवारच्या आत पायजे म्हणाला. सोमवारी उदयसिंह स्वतः येणार हाय साचा बघायला, त्याच्याम्होरं काय हात लावता येणार न्हाई.

तर अशी गत हाय. उदयसिंहाला मी सांगणार हाय, खोटं ठेवणार न्हाई, पण तोंड बदलल्यावर. एकदा खरं तोंड उभं ऱ्हायलं की मग तो बोंबलू दे. बाकी काय न्हाई. घोंगड्याचा धंदा मंदाच हाय, आता लोकांना ब्लँकेट पायजेत. डोळ्यात औषध टाकत जा. मी काय काळजी करण्यासारखा न्हाई, उगं तू जिवाला लावून घेऊ नको.

तुझा धाकटा,
बिरदेव

ता. क. — मडिवाळप्पाला मी म्हणालो, तोंड हाय एक, पण ते यायला पायजे. अक्का, ते तुझं हाय. फिल्मात गोळी लागायच्या आधी तो मान वळवून राजाकडं बघतो, तवा मला तूच दिसलीस. त्या जुळलेल्या भुवया, ते बसकं नाक, तो खालचा ओठ दुमडलेला. आपल्या बानं तुझा पाळलेला बोकड बाजारात नेला तवा तू त्याच्याकडं अशीच बघितली हुतीस. तवा शनिवारी सकाळची येष्टी धर. घरात सांग, बिरदेव लई शिरीअस हाय, न्हाईतर अभिमन्यू सोडायचा न्हाई. पण रडून सांगू नको, न्हाईतर सगळेच येतील.

आणखी ता. क. — मिशा मडिवाळप्पा स्वतः लावणार हाय, तुला काय करायचं न्हाई. नाकातली चमकी तेवढी काढून बस. राग येऊ देऊ नको. आला तर येऊ दे, तोंड आणखी सारखं दिसंल. तू म्हणशील, तूच का बसत न्हाईस? बसलो हुतो. दोन घंटे बसलो. मडिवाळप्पा बघत बघत ऱ्हायला आन शेवटी म्हणाला, "उठा यप्पा. हे तोंड चालत न्हाई. ह्यो पहारा सोडून पळालेला दिसतोय."

शेवटचं — त्या राजाच्या टाकाचं काय करायचं हे मला समजंना. उत्कर्षाकडनं हेल्गाबाईला इचारलं, त्या गोऱ्याचं कोण हाय का, असंल तर त्यांच्याकडं धाडू. बाई म्हणाली, कोण न्हाई. लेकरूबाळ न्हाई, आता तिकडं त्याचं नाव बी कोण काढत न्हाई. मी टाक फडक्यात गुंडाळायला घेतला तर तुझ्या भावजयीनं माझ्या हातातनं काढून घेतला. म्हणाली, "शंभर वर्षं घरात जेवलेला माणूस आता कुटं जाईल? ऱ्हाऊ दे. नवा टाक करून शेजारी बसवा." मी म्हणालो, बसवतो. पण ह्या टायमाला आजा म्होरं आन राजा मागं.